जुनी मासेमारी होडी घेताना तळाचा आकार कोणता पाहावा? (धोमचे पाणी, तीन होड्या, एक निर्णय)

धोमकाठ

सर्वांना नमस्कार. आम्ही दोघे भाऊ वाई तालुक्यात राहतो आणि धोम जलाशयावरील मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद आहोत. आजवर आम्ही पत्र्याच्या होडीवर जाळी टाकत आलो. ती होडी आता तळाशी इतकी गंजली आहे की, पुन्हा डाग मारून घेण्यात अर्थ उरलेला नाही. नवी फायबरची होडी आवाक्याबाहेर असल्यामुळे जुनी चांगली होडी शोधत आहोत आणि फिरून फिरून तीन होड्यांपाशी येऊन थांबलो आहोत.

पहिली भिगवणच्या बाजूची आहे. सोळा फूट लांब, तळाशी चार फूट रुंद, तळ सपाट, तोंडाकडे थोडा उचललेला, इंजिन नाही. दुसरी एका जलाशयावर पर्यटकांना फिरवण्यासाठी वापरलेली आहे. सतरा फुटी, पुढून मागपर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ, आणि सोबत २५ अश्वशक्तीचे आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायचे, इंजिन. तिसरी मिरज तालुक्यात आहे. वीस फुटी, गोल तळाची, मूळ लाकडी आणि वरून फायबरचा थर चढवलेली, मागे ८ अश्वशक्तीचे इंजिन लावलेली.

किमतीत फार अंतर नाही. मला विचारायचे आहे ते आकाराबद्दल. आमच्या पाण्याला आणि आमच्या कामाला कोणता तळ योग्य ठरेल, आणि त्याचे कारण काय? केवळ "ही घ्या" असे उत्तर नको, कारण समजले तर पुढच्या होडीलाही उपयोगी पडेल.

बंधाऱ्यावरचा

आधी काम सांगा. किती माणसे, किती वजन, किती लांबची फेरी, आणि होडी काठावर कशी चढवता?

धोमकाठ

विचारलेत ते बरे झाले. माणसे नेहमी दोन, क्वचित तीन. जाळी ओली झाल्यावर साठ-सत्तर किलो भरतात. संध्याकाळी जाळी लावतो आणि पहाटे उचलतो. जाताना पाच-सहा किलोमीटर अंतर पडते. आमच्या बाजूला धक्का किंवा उतार बांधलेला नाही, त्यामुळे होडी हातानेच ओढून वर घ्यावी लागते. मे महिन्यात पाणी खाली जाते तेव्हा काठाला गाळ आणि दगड उघडे पडतात. एप्रिलपासून दुपारनंतर वाऱ्याचा जोर असतो आणि वळवाच्या आधी तो एकाएकी फिरतो. मासा म्हणाल तर कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी.

मोजपट्टी

मी सांगलीत यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि पाण्यावरची हौस म्हणून या विषयात बरेच वर्षे वाचत आलो आहे. तुमच्या पहिल्या दोन होड्यांचे साधे गणित मांडतो.

सपाट तळाची होडी पाण्यावर साधारण साडेचार मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी, म्हणजे १.२ मीटर रुंद टेकते असे धरू. तळ पूर्ण आयताकृती असता तर ती एक सेंटिमीटर खाली जायला ५४ किलो वजन लागले असते, कारण तेवढेच पाणी ती बाजूला सारते. तोंड निमुळते असल्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा थोडा कमी भरेल. आता वजन जोडा: दोन माणसे १४० किलो, जाळी ७०, मासा आणि बर्फ १००, इंजिन व तेल ६०, आणि होडीचे स्वतःचे दीडशे. एकूण ५२० किलो. म्हणजे होडी पाण्यात दहा-अकरा सेंटिमीटर बुडेल.

व्ही तळाला बाजूचा चढ वीस अंशांचा असेल आणि रुंदी तेवढीच असेल, तर मधली धार कडेपेक्षा सुमारे बावीस सेंटिमीटर खाली असते. तो संपूर्ण त्रिकोण भरायला जेमतेम ५९० किलो लागतात. म्हणजे तोच भार घेऊन ही होडी वीस सेंटिमीटरहून खोल जाईल आणि तिचे स्वतःचे वजन जास्त असल्यामुळे आणखीही. मे महिन्यात गाळात दहा सेंटिमीटरचा हा फरक म्हणजे होडी काठाला लागणे आणि वीस पावले आधीच रुतणे यातला फरक आहे.

दुसरा मुद्दा वेगाचा. होडी पाणी कापत, पाण्यात बसून चालते तोवर तिचा वेग तिच्या पाण्यावरच्या लांबीशी बांधलेला असतो. लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, म्हणजे ताशी सागरी मैलांत वेग येतो. सोळा फुटांना हा वेग ५.३६, म्हणजे ताशी सुमारे दहा किलोमीटर. याच्या पुढे जायचे तर होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढून पाण्यावरून घसरत जावे लागते आणि तिथे शक्तीची मागणी एकदम वाढते. सपाट तळ थोड्या शक्तीत वर येतो. खोल व्ही तळाला त्याच कामासाठी मोठे इंजिन लागते, म्हणूनच तिच्यावर २५ अश्वशक्ती बसवलेली आहे. तुमची फेरी पाच-सहा किलोमीटरची आहे. ताशी नऊ किलोमीटरने गेलात तरी पाऊण तासाच्या आत पोहोचता. घाईसाठी तेल जाळण्याचे कारण मला दिसत नाही.

भोईगल्ली सांगली

मोजपट्टी यांचे गणित बरोबर आहे, परंतु त्यांनी तिसऱ्या होडीला वगळले याचे मला वाईट वाटले. गोल तळ हा आमच्या नदीचा मूळ तळ आहे. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना लांब, अरुंद आणि गोलसर पोटाची होडी वल्ह्यांवर कशी सुटते हे सांगावे लागणार नाही. पाणी तिला अडवत नाही. इंजिन बंद पडले तर सपाट तळाची होडी वल्हवून पाहा; वाऱ्यात ती पानासारखी बाजूला वाहत जाते, आणि गोल तळाची होडी मात्र दोन वल्ह्यांत वळते आणि वाट सोडत नाही. माझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी अशाच होडीवर जाळी ओढली. आठ अश्वशक्तीचे इंजिन अर्ध्यावर ठेवले तरी वीस फुटी होडी डौलात चालते, कारण मोजपट्टी यांच्याच सूत्राने वीस फुटांना सहा सागरी मैल, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर मिळतात.

ती डोलते हे खरे. पण ती डोलते आणि परत येते. सपाट होडी आधी अजिबात डोलत नाही, आणि डोलली की थेट उलटते.

मोजपट्टी

भोईगल्ली, आपला आक्षेप मान्य आहे, आणि शेवटच्या दोन वाक्यांत आपण जे सांगितले ते या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

स्थैर्य दोन प्रकारचे असते. होडी सरळ असताना तिला थोडे कलते करायला किती जोर लागतो हे पहिले. आणि ती बरीच कलल्यावर परत येण्याची तिची ओढ किती उरते हे दुसरे. पहिले स्थैर्य मुख्यतः रुंदीवर अवलंबून असते आणि ते रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.२ मीटरची होडी केवळ पंधरा सेंटिमीटरने रुंद केली तर हे स्थैर्य चाळीस टक्क्यांहून अधिक वाढते. म्हणून जुनी होडी पाहताना लांबीपेक्षा रुंदी आधी मोजावी, आणि तीही वरच्या काठाची नव्हे, पाण्याच्या रेषेवरची. पुष्कळ होड्या वरून ऐसपैस दिसतात आणि खाली आखूड असतात.

दुसरे स्थैर्य काठाची उंची आणि बाजूंचा बाहेरचा कल यांवर ठरते. सपाट तळाच्या होडीच्या बाजू उभ्या असतील आणि काठ बुटका असेल, तर ठरावीक कलापर्यंत ती घट्ट राहते आणि काठ पाण्याखाली गेला की सारे संपते. बाजू बाहेर झुकलेल्या असतील तर कलताना होडीची रुंदी वाढत जाते आणि ती तोल सावरते. भिगवणच्या होडीच्या बाजू उभ्या आहेत की बाहेर झुकलेल्या, हे धोमकाठ यांनी जरूर सांगावे.

वेण्णामाई

मी कण्हेरच्या पाण्यावर मालकांबरोबर जाळी उचलते. तुमच्या चर्चेत होडी चालवणारा माणूस दिसतो, जाळे ओढणारा माणूस कुठेच दिसत नाही, म्हणून लिहिते.

जाळे उचलताना दोघेही एकाच बाजूला असतात. एक जण दोर धरून ओढतो आणि दुसरा मासा सोडवतो. त्या वेळी होडी उभी असते आणि इंजिन बंद असते. व्ही तळाची होडी वेगात कितीही छान चालत असली तरी उभी असताना ती धारेवर टेकलेली असते. एका बाजूला दोघे वाकले की काठ खाली येतो आणि जाळ्यातला मोठा कटला फडफडला तर पाय सरकतो. आमचे सगळे काम होडी उभी असतानाचे आहे. आमच्यासाठी सपाट तळ चांगला.

आणखी एक गोष्ट पुरुषमंडळी पाहत नाहीत. होडीच्या आतला तळही पाहा. पर्यटकांच्या होडीत बाकांचे नट-बोल्ट, पट्ट्या आणि आकडे जागोजाग वर आलेले असतात. नायलॉनचे बारीक जाळे त्या प्रत्येकात अडकते. पहाटेच्या अंधारात एक घर सोडवायला गेले की तीन फाटतात. विकत घेण्याआधी जाळ्याचा एक तुकडा बरोबर न्या आणि होडीच्या आतून सर्व बाजूंनी ओढून पाहा. जिथे अडकेल तिथे खूण करा; तेवढे बोल्ट कापावे किंवा झाकावे लागतील, आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

धोमकाठ

ताई, जाळ्याचा तुकडा नेण्याची सूचना फार मोलाची आहे. मोजपट्टी, भिगवणच्या होडीच्या बाजू बाहेर झुकलेल्या आहेत. वरचा काठ तळापेक्षा दोन्हीकडे साधारण वीतभर बाहेर आहे.

रत्नागिरी ते कराड

माझे बालपण समुद्रावर गेले आणि आता नोकरीमुळे कराडला आहे. मला येथे व्ही तळाच्या बाजूने बोलायचे आहे, कारण सर्वांनी मिळून तिला जवळजवळ बाद केले आहे.

धरणाचे पाणी शांत असते हा समज धोकादायक आहे. लांब, उघड्या पाण्यावर वारा सलग वाहिला की आखूड आणि उभ्या लाटा उठतात. समुद्राची लाट लांब असते, होडी तिच्यावर चढते आणि उतरते. धरणाची लाट लागोपाठ आदळते. सपाट तळाची होडी अशा लाटांवर आपटत जाते, तोंडावरून पाणी आत येते आणि सपाट तळावर ते पाणी ज्या बाजूला होडी कलेल त्याच बाजूला धावते. या धावत्या पाण्याने होडी आणखी कलते. व्ही तळात आलेले पाणी मध्यभागी, धारेपाशी जमते आणि तिथून उपसता येते. हा फरक मोजपट्टी यांच्या गणितात आलेला नाही.

मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. त्या होडीचा तळ कसा होता यावर मी काही बोलणार नाही. वळवाचा वारा आतल्या पाण्यावर काय करू शकतो, एवढ्यासाठीच त्याची आठवण देतो. धोम डोंगरांच्या मधोमध आहे. दरीतून येणारा वारा अरुंद जागेत जोर धरतो. त्यामुळे निदान पुढच्या एक तृतीयांश भागात तरी व्ही असावा, असे माझे ठाम मत आहे.

मोजपट्टी

आत आलेल्या पाण्याचा मुद्दा पूर्णपणे मान्य. मी तो लिहायला हवा होता असे म्हणण्यापेक्षा, आपण तो माझ्यापेक्षा चांगला लिहिलात असे म्हणतो. सपाट होडीत पाटांखाली लांबीच्या दिशेने दोन उभ्या पट्ट्या घालून तळाचे कप्पे पाडले तर पाण्याची धाव बरीच कमी होते.

पूर्ण लांबीचा खोल व्ही मात्र मुळात समुद्रातल्या वेगासाठी घडलेला आहे. अमेरिकेतील रेमंड हंट यांच्या अशा तळाच्या होडीने १९६० साली मायामी ते नासाऊ ही खुल्या समुद्रातील शर्यत जिंकली आणि तेव्हापासून हा आकार जगभर पसरला. उसळत्या समुद्रात वेग न सोडता जाणे हा त्याचा गुण. आपण वेगात जाणारच नसू, तर त्या गुणाची किंमत खोली, वजन आणि तेल यांच्या रूपाने का मोजावी?

रत्नागिरी ते कराड

कारण वारा सुटल्यावर घरी परतताना वेग लागतो. बाकी आपले म्हणणे समजले.

बंधाऱ्यावरचा

म्हणूनच बहुतेक कारखाने पुढे व्ही आणि मागे जवळजवळ सपाट असा मिश्र तळ काढतात. जुन्या बाजारात तीच होडी शोधायला हवी. भिगवणची होडी "तोंडाकडे थोडी उचललेली" आहे, म्हणजे तिला पुढे व्ही नाही. उचललेले तोंड लाटेवर चढते, लाट कापत नाही.

कुंडलकाठ

पलूस तालुक्यातून लिहितो. आमच्याकडे होडीचा विषय निघाला की ब्रह्मनाळची आठवण टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माणसांना बाहेर काढणारी होडी तिथे उलटली. त्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हापासून आमच्या भागात कोणीही होडी घेतो तेव्हा पहिला प्रश्न "किती माणसे" हाच विचारतो.

धोमकाठ, तुम्ही होडी माशांसाठी घेत असलात तरी पुराच्या दिवसांत गाव तुमच्याकडेच येणार आहे. म्हणून होडीवर क्षमता लिहिलेली पाटी आहे का, ते पाहा. नसेल तर एक जुना, सावध हिशेब असा: लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करा आणि पंधराने भागा. सोळा गुणिले चार म्हणजे चौसष्ट, भागिले पंधरा म्हणजे चार माणसे. पाचवा माणूस कितीही जवळचा असला तरी दुसऱ्या फेरीला. आणि हा हिशेब शांत पाण्याचा आहे, वाहत्या पुराचा नाही.

भोईगल्ली सांगली

कुंडलकाठ यांनी लिहिले ते प्रत्येक वाक्य खरे आहे. पुराच्या धारेत सपाट आणि आडव्या तोंडाची होडी प्रवाहाला आडवी झाली तर पाणी तिच्या काठावर चढते. यासाठीच जुने लोक दोन्ही टोकांना निमुळती होडी बांधत. वारणा-कृष्णेच्या काठी पूर्वी गुळाची काहील, म्हणजे उसाचा रस आटवण्याची मोठी कढईही पाण्यात उतरवत असत. तळ रुंद असल्यामुळे ती सहजासहजी कलत नाही, पण तिला ना पुढे ना मागे, त्यामुळे धारेत ती गरगर फिरते आणि वल्हवणाऱ्याच्या हातात दिशा राहत नाही. तळाला दिशा धरणारी एखादी कड हवीच, हे काहिलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भिगवणच्या होडीला तळाशी उभ्या पट्ट्या आहेत का?

फायबर कारागीर

बरीच वर्षे होड्या, टाक्या आणि दरवाजे यांचे फायबरचे काम करतो. चर्चा आकारावर छान चालली आहे, परंतु जुन्या होडीत आकार हा अर्धाच प्रश्न असतो. आकार चांगला आणि तळ मेलेला, अशी होडी घेण्यापेक्षा आकार मध्यम आणि तळ जिवंत अशी घ्यावी. कसे पाहावे ते क्रमाने सांगतो.

होडी उलटी करून घ्या. मालक उलटी करू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. उलट्या तळावर गवंड्याची दोरी मागच्या टोकापासून पुढे दोन मीटरपर्यंत ताणून धरा. दोरी आणि तळ यांत मध्येच फट दिसली तर तळाला आत बाक आला आहे. अशी होडी वेग घेताना तोंड खाली घालते आणि लाटेत घुसते. हा बाक बहुधा होडी चुकीच्या टेकूवर वर्षानुवर्षे ठेवल्याने येतो आणि तो घासून जात नाही. सपाट तळाच्या होडीत हा दोष जास्त सापडतो, कारण व्ही तळाला त्याच्या घडीमुळेच ताठपणा मिळतो. सपाट तळाला तो ताठपणा आतल्या आडव्या पट्ट्यांनी द्यावा लागतो. आत शिरून सपाट भागावर टाच दाबून उभे राहा. तळ खाली-वर होत असेल तर पट्ट्या सुटलेल्या आहेत.

मग रुपयाचे नाणे घ्या आणि तळावर चार-चार बोटांच्या अंतराने वाजवत जा. चांगला थर खणखणीत वाजतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी मुरले असेल तिथे आवाज बद्द येतो. बद्द आवाजाच्या जागा खडूने घेरून ठेवा आणि शेवटी लांबून पाहा. दोन-चार सुटे ठिपके दुरुस्त होतात, एकसलग पट्टा दिसला तर होडी सोडून द्या. पृष्ठभागावर फोड आले असतील तर एक फोडून पाहा. आतून आंबट वासाचा चिकट द्रव आला तर पाणी राळेपर्यंत पोहोचले आहे.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे इंजिन टांगण्याची मागची फळी. बाहेरून फायबर दिसते, पण आत प्लायवूड असते. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरते आणि प्लायवूड आतल्या आत कुजते. इंजिन लावलेले असेल तर त्याचा खालचा पाय धरून वर-खाली हलवा आणि नजर फळीवर ठेवा. फळी वाकली, किंवा कोपऱ्यात केसासारखी भेग उघडली, तर ती पूर्ण बदलावी लागेल. पर्यटकांच्या होडीवर २५ अश्वशक्तीचे इंजिन दिवसभर धक्के देत राहिलेले असते, त्यामुळे दुसऱ्या होडीत ही जागा दोनदा पाहा.

तिसऱ्या होडीबद्दल भोईगल्ली रागावणार नाहीत अशी आशा आहे. लाकडावर फायबर चढवलेली होडी बाहेरून कितीही गुळगुळीत असो, लाकूड आतून ओले झाले तर फायबर ते वाळू देत नाही. आतल्या बाजूने, पाटांखाली, जिथे पाणी साचते तिथे टोच्या टोचून पाहा. तो सहज आत गेला तर पुढे बोलण्यासारखे काही नाही.

मोजपट्टी

कारागीर यांच्या पोस्टला एक जोड देतो. अनेक फायबर होड्यांत दोन तळांच्या मध्ये फोम भरलेला असतो. होडी पाण्याने भरली तरी तरंगावी यासाठी तो असतो. पण त्यात पाणी मुरले तर ते दिसत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि तितकी माशांची जागा गेली. आपल्या जिल्ह्यांत साखर कारखाने आणि वजनकाटे यांची कमतरता नाही. टेम्पो रिकामा आणि होडीसह असा दोनदा काट्यावर घ्या आणि त्याच मापाच्या नव्या होडीच्या वजनाशी ताडून पाहा.

भोईगल्ली सांगली

रागावण्याचा प्रश्नच नाही. टोच्या मीही लावला असता. मिरज तालुक्यातील होडी कोणाची आहे ते मला अंदाजाने कळले आहे. ती उन्हात उघडी ठेवली जाते, सावलीत नव्हे. लाकूड चांगले असेल तरी वीस फुटी होडी दोन भावांनी दगडांवरून ओढणे अवघड आहे, हेही मी मान्य करतो. धोमसाठी मी तिचा आग्रह धरत नाही. नदीवर मात्र माझे मत तेच राहील.

कागदपत्रे आधी

इंजिन लावणार असाल तर २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लक्षात ठेवावा. त्याने १९१७ चा जुना कायदा रद्द केला. यंत्रावर चालणाऱ्या होडीची नोंदणी आणि तपासणी या कायद्यात येते. दुसरी होडी प्रवासी वाहतुकीची असल्यामुळे तिची नोंदणी झालेली असायला हवी. नोंदणीचे प्रमाणपत्र, होडीवरचा क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक एकमेकांशी जुळवून पाहा. इंजिनाचे मूळ बिल नसेल तर ते इंजिन घेऊ नका. मासेमारीचा परवाना तुमच्या संस्थेमार्फत असेलच, परंतु होडी बदलल्याची नोंद संस्थेत करून घ्या.

धोमकाठ

आपण सर्वांनी दिलेला वेळ वाया जाऊ नये म्हणून तिन्ही होड्या पुन्हा पाहून आलो. दोरी, नाणे, टोच्या, खडू आणि जाळ्याचा तुकडा, सर्व बरोबर नेले होते.

पर्यटकांच्या होडीचा तळ खणखणीत वाजला, पण मागच्या फळीचा उजवा निम्मा भाग बद्द आहे आणि इंजिनाचा पाय उचलला तेव्हा बोल्टभोवती पाणी पाझरले. जाळ्याचा तुकडा आत अकरा ठिकाणी अडकला. मिरज तालुक्यातील होडीत मधल्या पाटाखाली टोच्या दांड्यापर्यंत गेला.

भिगवणची होडी उलटी करायला मालकांनी स्वतः हात लावला. दोरी शेवटपर्यंत तळाला चिकटून राहिली. बद्द आवाजाच्या तीन सुट्या जागा मिळाल्या, सर्वांत मोठी तळहाताएवढी. तळाला दोन उभ्या पट्ट्या आहेत, भोईगल्ली, पण दगडांवर ओढून ओढून त्या मागच्या बाजूला जवळजवळ सपाट झाल्या आहेत. पाण्याच्या रेषेवरची रुंदी १.२५ मीटर भरली. दोघे एका काठावर उभे राहिलो तेव्हाही काठ पाण्यापासून वीतभर वर राहिला. तिला घेण्याचे ठरवत आहोत. रत्नागिरी ते कराड यांचा वाऱ्याचा इशारा मनात आहेच, त्यामुळे दुपारनंतर वारा असेल तर पाण्यावर जायचे नाही आणि दोन्ही जीवरक्षक जॅकेट अंगावरच ठेवायची, हे भावाशी बोलून ठेवले आहे.

झिजलेल्या पट्ट्यांचे काय करावे? आणि इंजिन किती अश्वशक्तीचे घ्यावे?

फायबर कारागीर

तीन सुट्या जागा उघडून, वाळवून, नव्याने थर देऊन घ्या. घाई करू नका. ओल्या जागेवर टाकलेला थर पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. पट्ट्यांवर नवे फायबर चढवा आणि त्यावर ओढताना झिजायला म्हणून वेगळी कडक प्लॅस्टिकची पट्टी बसवा. ती पट्टी बोल्टने नव्हे तर चिकटवून बसवा. तळाला एकही नवे भोक पडता कामा नये.

रत्नागिरी ते कराड

व्ही नसला तरी आता निर्णय योग्य वाटतो. तोंडावर फूटभर रुंद झाकण करून घ्या, म्हणजे लाटेचे पाणी सरळ आत येणार नाही. मोजपट्टी यांनी सांगितलेले कप्पेही त्याच वेळी पाडा. एक डबा उपसायला दोरीने बांधून ठेवा.

वेण्णामाई

झाकणाच्या कडा गोल घासून घ्या. जाळे तिथेच अडकेल.

मोजपट्टी

आठ ते दहा अश्वशक्ती पुष्कळ झाली. त्याहून मोठे इंजिन मागे वजन वाढवेल आणि सपाट होडी मागून बसेल. परंतु इंजिन ठरवण्याआधी मागच्या फळीची उंची तळापासून काठापर्यंत मोजा. आऊटबोर्ड इंजिने साधारण १५ इंची आणि २० इंची फळीसाठी अशा दोन लांबींच्या पायांची मिळतात. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली यायला हवी. पाय आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसते ओरडते. लांब पडला तर तुमच्या मे महिन्याच्या दगडांवर पहिला तोच आपटेल. फळी १५ इंची असेल तर आखूड पायाचेच इंजिन शोधा, स्वस्त मिळते म्हणून लांब पायाचे घेऊ नका.

धोमकाठ

फळी साडेपंधरा इंच आहे, आत्ताच मालकांना फोन करून मोजून घेतली. आखूड पायाचे इंजिन शोधतो. कोणाच्या पाहण्यात मूळ बिलासह असेल तर येथेच कळवावे.